जितके उतरले, तितके परत

(कृष्णाकाठच्या एका वाचनालयाच्या स्मृती-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, किंचित संक्षेपानं)



सरांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर, संतसाहित्यावर, उसाच्या अर्थकारणावर व्याख्यानं झाली. पोहण्यावर बोलायला कुणाला बोलावलं नव्हतं. वास्तविक सरांचा दिवस शाळेत जायचा आणि उन्हाळ्याची सुट्टी घाटावर. शाळेत त्यांनी शिकवलेलं गणित माझ्या डोक्यात फारसं टिकलं नाही, त्यात दोष माझाच. पण घाटावरचं एक गणित पक्कं बसलं. आज त्यावरच बोलणार आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना सरांची पद्धत आठवत असेल. पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा आणि ढकलायचं. त्याआधी चपला काढायच्या त्या घाटाच्या एका ठरलेल्या पायरीवर, जोडीजोडीनं, ओळीत. जो अनवाणी आला असेल, आणि तेव्हा निम्मे अनवाणीच असायचो, त्यानं चपलांच्या जागी एक दगड ठेवायचा. सर पायरीवर बसून राहायचे. हातात वर्तमानपत्र असायचं, पण पान उलटल्याचं मी कधी पाहिलं नाही. नजर चपलांवरून पाण्यावर, पाण्यावरून चपलांवर. मध्येच मोठ्यांदा आकडा म्हणायचे: सतरा. पुन्हा थोड्या वेळानं, सतरा. निघताना ज्यानं त्यानं आपला दगड परत पाण्यात टाकायचा. पायरी रिकामी झाली की सर उठायचे.

आता विषयाकडे येतो. गेली बरीच वर्षं मी समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धांना पंच म्हणून, कधी नुसता स्वयंसेवक म्हणून जातो. मध्यंतरी काही मित्रांनी विचारलं, खुल्या पाण्यातली आंतरराष्ट्रीय फिनस्विमिंग स्पर्धा आपल्या कोकणात भरवता येईल का? मी तोंडी उत्तर दिलं नाही. वही घेऊन बसलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वहीतली पानं आहेत.

फिनस्विमिंग म्हणजे पायात पर चढवून पोहणं. पर म्हणजे माशाला असतात तेच. परांचे दोन प्रकार आहेत. एक जोडीचा, दोन पायांत दोन वेगळे. तो लावून हात मारत पोहतात. दुसरा मोनोफिन. त्यात दोन्ही पाय एकाच पात्याला बांधलेले आणि ते पातं पाऊण मीटरपर्यंत रुंद. मोनोफिनवाला हात डोक्यापुढे ताणून ठेवतो आणि छातीपासून टाचांपर्यंत अख्ख्या अंगाची लाट करतो. किनाऱ्याजवळ डॉल्फिन पाहिलेत ना, तसं. श्वासासाठी तोंडात नळी असते, ती कपाळाच्या मध्यावरून सरळ वर जाते. श्वासासाठी मान वळवायची गरज नाही, म्हणून तोंड पाण्यातच राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला तिच्याकडे परत यायचं आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. आज आपण ओळखतो तसे पायातले पर लुई द कोर्लिए या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या खटपटीतून आले. त्यांनी १९३३ साली पेटंट घेतलं. ओवेन चर्चिल नावाचे अमेरिकन गृहस्थ, १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेले, त्यांनी ते अमेरिकेत बनवायला घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांच्या पायात गेले आणि युद्ध संपल्यावर हौशी लोकांच्या. १९५९ साली मोनॅकोत पाण्याखालच्या खेळांची जागतिक संघटना निघाली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला सीएमएएस म्हणतात, आणि तिचे पहिले अध्यक्ष जॅक कूस्तो. मोनोफिन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. १९७६ साली जर्मनीत हॅनोव्हरला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही. ऑलिंपिकबाहेरच्या खेळांसाठी असलेल्या वर्ल्ड गेम्समध्ये मात्र तो १९८१ पासून आहे.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना. मुक्त शैलीत पन्नास मीटर पोहायला जगातल्या सर्वांत वेगवान माणसाला एकवीस सेकंदांच्या आसपास लागतात. मोनोफिन लावून, श्वास रोखून, पाण्याखालून जाणारा माणूस तेच अंतर चौदा सेकंदांच्या आत कापतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. स्पर्धा भरवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. लांब पल्ल्याच्या पोहण्यात एरवी पोहणाऱ्याच्या बाजूनं एखादी होडी वल्हवत निवांत जात असते. मोनोफिनवाला तासाला सहा-सात किलोमीटरनं निघाला की वल्हेकऱ्याला घाम फुटतो. म्हणजे सोबतीची व्यवस्था मुळापासून वेगळी करावी लागते.

आणि आता त्या पाण्यातल्या तोंडाकडे येऊ. जीवरक्षकाला पहिल्या दिवशी शिकवतात की जो माणूस तोंड पाण्यात घालून पडलाय, हात हलत नाहीत, त्याच्याकडे धाव. मोनोफिनच्या शर्यतीत चाळीस-पन्नास जण एकदमच तोंड पाण्यात घालून, हात न हलवता चाललेले असतात. तीच त्यांची ठाकठीक अवस्था. ज्या खुणेवर जीवरक्षकाची नजर तयार झाली, ती खूण इथे बिनकामाची ठरते. इथे बघायचं ते वेगळं: नळीचं टोक उभं आहे की कललंय, पात्याचा ताल तोच आहे की मंदावलाय, माणूस आपल्या रेषेतून बाजूला तर सरकत नाही ना. बुडणारा माणूस एरवीही फारसा ओरडत नाही, कारण श्वासालाच जागा नसते तर ओरडायला कुठून असणार. इथे तर तोंडात नळीच आहे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं: जीवरक्षकांचं प्रशिक्षण नव्यानं, निदान दोन महिने आधी. मंडपाचा आणि भोजनाचा खर्च त्याच्या खाली.

स्पर्धा भरवणाऱ्याला आपण यजमान म्हणतो. शब्द यज्ञातला आहे. पाहुण्यांना जेवू घालणारा हा अर्थ नंतरचा. मुळात यजमान म्हणजे ज्याच्या नावानं आणि ज्याच्या जबाबदारीवर कर्म चालतं तो. घरी सत्यनारायण असला की गुरुजी संकल्प सांगतात. भरतखंडापासून सुरू करून आपल्या गावापर्यंत येतात, संवत्सरापासून सुरू करून आजच्या तिथीपर्यंत. मग आपलं नाव, गोत्र, आणि हे कशासाठी करतोय ते. आपण पुटपुटतो आणि ताम्हनात पाणी सोडतो. पूर्वी मला हे नुसतं कर्मकांड वाटायचं. वही घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, आयोजकाच्या फायलीचं पहिलं पान हेच असायला हवं. कुठे, केव्हा, कोण, कशासाठी. आणि साक्षीला पाणी.

'केव्हा'पासून सुरू करू. कोकणात जून ते सप्टेंबर प्रश्नच नाही. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतचं पाणी तिशीकडे जातं, ते का नको हे पुढे सांगतो. राहिला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आता दिवस कुठला? आयोजक रविवार बघतात, प्रमुख पाहुण्यांची सवड बघतात. समुद्र तिथी बघतो. मुंबईच्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. गावागणिक वेळ मागेपुढे होते, पंचांग आणि घड्याळ यांचा मेळ नेहमी बसत नाही, म्हणून शेवटी भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच प्रमाण मानायचं. पण आडाखा ठाऊक असला की कोष्टक वाचताना माणूस आंधळा राहत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, प्रवाहाला ओढ असते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी संथ. दशमीचा हिशेब करून बघा: दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती, ओढ बेताची, वारा अजून उठलेला नाही. माझ्या वहीत लिहिलंय: दशमी, मग ती मंगळवारी आली तरी चालेल.

आता 'कुठे'. समजा, मालवण. तिथल्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा बरीच वर्षं भरते आहे, त्यामुळे गावाला पोहणाऱ्यांची आणि पोहणाऱ्यांना गावाची सवय आहे. जवळच तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, म्हणजे पाण्याखाली उतरणारी शिकलेली माणसं हाताशी आहेत. पण फिनस्विमिंगच्या काही अटी साध्या पोहण्यापेक्षा वेगळ्या आहेत. साध्या स्पर्धेत पोरं वाळूवरून धावत पाण्यात शिरतात आणि शेवटी धावतच बाहेर येतात. मोनोफिन घातलेल्या माणसाला चालता येत नाही. दोन्ही पाय एकत्र, उथळात आला तरी उभं राहता येत नाही. म्हणून सुरुवातही पाण्यात आणि शेवटही पाण्यात, आणि दोन्हीकडे तरंगता धक्का हवा, त्यावर बसून पर चढवायला आणि उतरवायला माणसं हवीत. एकदम सुटताना दोन खेळाडूंमध्ये जास्त अंतर हवं, कारण पुढच्याचं पातं मागच्याच्या डोक्याशी असतं, आणि फायबरचं पातं वेगानं लागलं की टाके पडतात. पात्याचा फटका खाली जातो, म्हणून वाटेवर खोली पुरेशी हवी. वळणाचे बोये मोठे हवेत आणि एकमेकांपासून फार लांब नकोत, कारण तोंड खाली असलेल्याला समोरचं दिसण्यासाठी मान मुद्दाम उचलावी लागते आणि दर वेळी वेग मोडतो. आणि हे बोये ज्या नांगरांवर उभे करायचे ते नांगर कुठेही टाकता येत नाहीत. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे. दोन दिवसांच्या शर्यतीसाठी टाकलेला नांगर त्यावर पडला तर जे मोडेल ते वाढायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

आणखी एक. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढतात. होडीतून मोठ्या कमानीत जाळं टाकून येतात, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसं लागतात. ज्यांनी दोर ओढला त्यांना वाटा. आता आपण सकाळी साडेसातची वेळ काढली, सुंदर. पण तो किनारा, ते पाणी आणि ती वेळ आधीच कुणाची तरी आहे. सागरी मंडळ, तटरक्षक दल, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय खातं यांच्या परवानग्या फायलीत लागतील आणि लागायलाच हव्यात. पण पहिली बैठक रापणकरांच्या अंगणात व्हायला हवी. स्पर्धेचे दिवस बुडाले तर त्यांचा वाटा कोण देणार, हे त्या बैठकीत ठरावं, आभारप्रदर्शनात नको. आणि मला विचाराल तर सुरक्षेच्या होड्यांवर तेच असावेत. पाण्याचा रंग बदलला तर काय होणार, वारा कुठून फिरणार, हे त्यांना जितकं कळतं तितकं मला माझ्या कोष्टकातून कळणार नाही.

परदेशी पथकांची सोय हा मोठा विषय आहे असं सगळ्यांना वाटतं. मला तो सोपा वाटतो. व्हिसा, विमानतळावर परांच्या अवजड पेट्या सोडवणं, उत्तेजक चाचणीची स्वतंत्र खोली, मांसाहारी-शाकाहारी जेवण. हे सगळं पैशानं आणि चार चांगल्या कार्यकर्त्यांनी जमतं. लग्नसराई काढणाऱ्या समाजाला त्याची भीती घालू नये.

अवघड काय ते एका अनुभवावरून सांगतो. स्पर्धेचं नाव घेत नाही, गावाचंही नाही. समुद्रातलं तीन किलोमीटर, मुलं दीडशेच्या आसपास. मी शेवटच्या रेषेवर वही घेऊन उभा. बाहेर येणाऱ्याच्या दंडावरचा क्रमांक वाचायचा आणि वहीत खूण करायची. गर्दी, पालक आत घुसलेले, फोटो चाललेले, ध्वनिक्षेपकावर कुणाचा तरी शाल-श्रीफळ सत्कार. सगळे स्पर्धक सुखरूप आल्याचं जाहीर झालं, टाळ्या पडल्या. माझ्या वहीत एक चौकट कोरी. मला वाटलं, माझीच चूक असेल, गर्दीत एखादा निसटला असेल. पुन्हा मोजलं. कोरीच.

पुढची बावीस मिनिटं मी कुणाला देऊ इच्छित नाही. होड्या परत पाठवल्या. त्या मुलाचे आई-वडील शोधले. वडील माझ्यावर ओरडत होते. आई काहीच बोलत नव्हती, ओल्या वाळूत उभी राहून पाण्याकडे बघत होती. तिच्या हातात त्याचा टॉवेल होता. बाविसाव्या मिनिटाला एक स्वयंसेवक मुलाचा हात धरून घेऊन आला. किनाऱ्यामागच्या टपरीवर वडापाव खात होता. पायात गोळा आला म्हणून अर्ध्यात होडीवर चढला, होडीवाल्यानं कडेला सोडला, आणि भूक लागली म्हणून तो टपरीवर गेला. होडीवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं की उचललेलं पोर कळवायचं असतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. चूक होडीवाल्याची नव्हती, पोराची तर नव्हतीच. आम्ही पाण्यात जाणारी मुलं नीट मोजली होती. पाण्यातून बाहेर यायला किती दारं आहेत, ते मोजलं नव्हतं. शेवटची रेषा हे एक दार. सुरक्षेची होडी हे दुसरं. कंटाळून किंवा घाबरून कडेच्या खडकावर चढणं हे तिसरं. स्ट्रेचर हे चौथं. प्रत्येक दारावर वही हवी, आणि सगळ्या वह्यांची बेरीज उतरलेल्यांच्या आकड्याशी जुळेपर्यंत कुणी माईकला हात लावायचा नाही. आता पायाला बांधायच्या इलेक्ट्रॉनिक चकत्या निघाल्या आहेत, रेषा ओलांडली की नोंद होते. चांगली सोय आहे. पण ती चकतीसुद्धा एकाच दारावर बोलते.

आमच्या वहीतली ती चौकट वडापावनं भरली. दर वेळी तशी भरत नाही. २३ ऑक्टोबर २०१० या दिवशी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला दहा किलोमीटरची विश्वचषक मालिकेतली शर्यत होती. साधं पोहणं, परांशिवायचं. फ्रान क्रिपन हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू त्यात होता, जगातल्या उत्तम लांब पल्ल्याच्या जलतरणपटूंपैकी एक. पाणी फार गरम होतं. शर्यत संपली, आणि तो आलेला नाही हे आधी लक्षात आलं ते त्याच्याबरोबर पोहलेल्यांच्या. नुकतेच दहा किलोमीटर पोहून आलेले ते खेळाडू त्याला शोधायला पुन्हा पाण्यात गेले. त्याचा देह सुमारे दोन तासांनी सापडला.

पाण्यात माणूस तापतो, हे आपल्याला पटत नाही. पण पाण्यात घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. एकतीस अंशांच्या पाण्यात दोन तास नेटानं अंग चालवणारा माणूस आतून तापत जातो आणि त्याचं त्याला कळत नाही. डोकं आधी मंदावतं. या घटनेनंतर जलतरणाच्या जागतिक संघटनेनं खुल्या पाण्याच्या तापमानाला वरची मर्यादा घातली, एकतीस अंश सेल्सिअस. सोळाची खालची मर्यादा आहे. मापायचं कसं, तेही लिहिलंय: शर्यतीच्या दिवशी, सुरू होण्याच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यावर, चाळीस सेंटिमीटर खोलीवर. किनाऱ्यावर बसून, गुडघाभर पाण्यात नाही. नियमावलीतलं असलं एखादं रूक्ष वाक्य वाचताना मला आता थांबायला होतं. त्यामागे कुणाच्या तरी वहीतली एक कोरी चौकट असते. फिनस्विमिंगचे नियम त्यांच्या संघटनेचे वेगळे आहेत, पण समुद्र तोच आहे आणि रक्तही तेवढंच तापतं. म्हणून माझ्या वहीत एप्रिल-मे नाही.

मराठीत 'पाणी सोडणं' याचे दोन अर्थ आहेत. एक संकल्पाचा. दुसरा, एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं, ती गेली असं समजणं. यजमानाला हे दुसरंही जमलं पाहिजे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी सीन नदी स्वच्छ करायला सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले. १९२३ पासून त्या नदीत पोहायला बंदी होती. पावसात तुंबणारं सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ जमिनीखाली पन्नास हजार घनमीटरची टाकी बांधली. आणि एवढं करूनही पाऊस पडला, पाण्यातल्या जिवाणूंचं प्रमाण वाढलं, आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. सराव रद्द झाले. २०२५ साली सिंगापूरला जागतिक जलतरण स्पर्धेत सेंटोसा बेटाजवळच्या दहा किलोमीटरच्या शर्यती पाण्याच्या तपासणीवरून पुढे ढकलल्या. जगभरचे कॅमेरे लावलेले, तिकिटं विकलेली, आणि यजमान सांगतो, आज नाही.

इथे आणखी एक बारकावा आहे. पाण्यातल्या ई-कोलाय जिवाणूंची नेहमीची तपासणी प्रयोगशाळेत वाढवून करतात, तिला जवळपास एक दिवस लागतो. म्हणजे आज सकाळी हातात आलेला अहवाल कालच्या पाण्याचा असतो. मधल्या रात्री पाऊस झाला असेल तर अहवाल खरा आणि पाणी खोटं. म्हणून यजमानाला महिनोन् महिने रोज नमुने घ्यावे लागतात, तेव्हा त्याला आपल्या पाण्याचा स्वभाव कळतो: अमावस्येला कसं असतं, पावसानंतर किती दिवसांनी निवळतं, खाडीचं पाणी कुठल्या प्रवाहानं कुठे जातं. ही माहिती एकदा गोळा झाली की स्पर्धा होवो न होवो, गावाची झाली.

मला यजमानपणाची खरी कमाई इथे दिसते. पाहुणे चार दिवसांचे. ते गेल्यावर मागे काय राहतं? बहुतेक ठिकाणी फ्लेक्स राहतात. पॅरिसला २०२५ च्या जुलैपासून सीनमध्ये सामान्य माणसांना पोहण्यासाठी तीन जागा उघडल्या. शंभर वर्षांची बंदी पाहुण्यांच्या निमित्तानं उठली. मालवणला आपली स्पर्धा झाली तर मागे राहायला हवेत ते रोजच्या पाण्याचे आकडे, पाण्यातल्या खुणा वाचायला शिकलेले पन्नास जीवरक्षक, आणि उचललेलं माणूस कुठे कळवायचं हे ठाऊक असलेले होडीवाले. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटकांनी भरलेल्या आपल्या किनाऱ्यांना याची किती गरज आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आपल्याकडे पोहणारे कमी नाहीत. मिहिर सेन यांनी १९५८ साली इंग्लिश खाडी पार केली, आरती साहा यांनी १९५९ साली. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी ओलांडून जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पूर्ण केल्या, आशियातून पहिले. बंगालात भागीरथीवर एक्याऐंशी किलोमीटरची शर्यत होते, तिला लोक काठावर जत्रेसारखे जमतात. पण सामुद्रधुनी पार करताना एक पोहणारा असतो, एक होडी, एक निरीक्षक. मोजणी एकाची. साठ जण, पंचवीस देशांचे, तोंड पाण्यात घालून एकदम सुटतात तेव्हा मोजणी ही स्वतंत्र विद्या होते. ती विद्या आपल्याकडे आहे का, एवढाच मित्रांच्या प्रश्नाचा अर्थ मी लावला.

माझं उत्तर असं आहे. स्पर्धा घेता येईल. पहिल्या वर्षी आंतरराष्ट्रीय नको. पहिल्या वर्षी आपलीच तीस मुलं, जोडीचे पर लावून, एक किलोमीटर, दशमीच्या सकाळी. चारही दारांवर वह्या. संध्याकाळी रापणकरांसोबत बसून काय चुकलं ते लिहायचं. दुसऱ्या वर्षी मोनोफिन. तिसऱ्या वर्षी शेजारच्या दोन-चार देशांना बोलावणं. आणि दर वर्षी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: आज ऐन वेळी रद्द करावं लागलं तर करू शकू का? ज्याला हो म्हणता येत नाही त्यानं जगाला बोलावू नये. मित्र थोडे नाराज झाले. त्यांना उद्घाटनाची तारीख हवी होती.

सरांकडे परत येतो आणि थांबतो. घाटाची ती पायरी आता गाळात गेली आहे. पुरांनी तिच्यावर किती थर चढवले कोण जाणे. पोरंही नदीत उतरत नाहीत. आई-बाप सोडत नाहीत, आणि पाण्याचा वास पाहता त्यांना बोल लावता येत नाही. पण सरांनी कुणाची नोंद चुकवली नाही, एवढं मी सांगू शकतो. चपला घेऊ न शकलेल्या पोराचाही त्यांच्या ओळीत दगड असायचा. मी त्या दगडवाल्यांपैकीच. कधी कधी वाटतं, मला पंच त्या दगडानं केलं.

आज इथे आत येताना दाराशी तुमच्या चपला पाहिल्या आणि सवयीनं मोजायला लागलो. त्रेसष्टपर्यंत आलो होतो, तेवढ्यात वाचनालयाच्या कार्यवाहांनी हाताला धरून आत आणलं. मोजणी अर्धी राहिली आहे. तुम्ही सगळे बाहेर पडेपर्यंत मी दाराशी थांबतो.